वर्म, गोळी आणि अंतर

रायफलीची गोळी जनावराला चटकन मारते ती दोनच मार्गांनी. एक तर ती मेंदू किंवा मज्जारज्जू तोडते आणि जनावर जागच्या जागी कोसळते. नाहीतर ती हृदय, फुप्फुसे किंवा मोठ्या रक्तवाहिन्या फाडते, रक्तदाब उतरतो, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. तिसरा मार्ग नाही. गोळीच्या ‘धक्क्याने’ जनावर उलटेपालटे होते हा समज सिनेमातून आला आहे. रायफल मागे सरून शिकाऱ्याच्या खांद्यावर जेवढा रेटा देते, त्याहून जास्त रेटा तिची गोळी पलीकडच्या जनावराला देऊ शकत नाही. गतिशास्त्राचा साधा नियम तसे होऊच देत नाही. तो रेटा सत्तर किलोचा माणूस उभ्याने पेलत असेल, तर तीनशे किलोचे जनावर त्याने पडणार नाही. जनावर पडते ते आत काय फाटले यावर. म्हणून मराठीतला ‘वर्मी लागणे’ हा शब्दप्रयोग शिकारीच्या शास्त्राच्या अगदी गाभ्याचा आहे. आधी वर्म, मग गोळीची बांधणी, आणि बंदुकीचा आकार सगळ्यात शेवटी, असा या विषयाचा क्रम लागतो.

खुरांच्या जनावरांत, मग ते आपले सांबर असो की त्याचा अमेरिकेतला धिप्पाड भाईबंद एल्क, शरीराची मांडणी सारखीच असते. हृदय फार खाली, छातीच्या तळाशी, पुढच्या दोन पायांच्या कोपरांच्या मध्ये असते. त्याच्या वर आणि मागे फुप्फुसे पसरलेली असतात. त्यांच्या मागे श्वासपटलाचा पडदा, पडद्याला लागून यकृत आणि त्यामागे चाऱ्याने भरलेले प्रचंड पोट. जनावर आडवे, म्हणजे पूर्ण कुशीवर दिसत असेल, तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जावे आणि छातीच्या उंचीचा खालचा तिसरा भाग संपतो तिथे नेम धरावा. तिथे लागलेली गोळी दोन्ही फुप्फुसांतून आणि हृदयावरच्या मोठ्या रक्तवाहिन्यांजवळून जाते. मध्यम हरणाच्या अंगावर हे क्षेत्र साधारण २० ते २५ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे जेवणाच्या ताटलीएवढे असते. एल्कमध्ये ते बरेच मोठे असते, पण त्याच्या आड खांद्याचे जाड हाडही येते.

ही ताटली चुकली तर काय होते, ते दिशेवर अवलंबून असते. गोळी एक वीत मागे गेली की ती पोटात शिरते. अशी जखम जनावराला मारते खरी, पण तासन्‌तास तडफडवून. खाली गेली की पाय मोडतो किंवा छातीखालचे मांस फाटते. वर गेली तर सगळ्यात फसवा प्रकार घडतो. पाठीच्या कण्याला वर काटेरी हाडे असतात; गोळी त्यांना चाटून गेली तर मज्जारज्जू क्षणभर बधिर होतो आणि जनावर विजेचा झटका बसावा तसे जागीच कोसळते. शिकारी खूश होतो, दुसरे काडतूस भरत नाही, आणि मिनिटभरात जनावर उठून झाडीत नाहीसे होते. जागीच पडलेल्या जनावरावर जाणते शिकारी रायफल रोखून ठेवतात ती याच कारणासाठी. उलट, फुप्फुसांतून आरपार गोळी गेलेले हरीण बहुतेक वेळा पडत नाही. ते उसळी घेते आणि पन्नास-शंभर मीटर धावते. धावले म्हणजे नेम चुकला, असा अर्थ नवशिका काढतो आणि मेलेले जनावर रानात टाकून परत फिरतो.

डोक्यावरचा किंवा मानेवरचा नेम हा चटकन मारणारा म्हणून मोहात पाडतो. मेंदू मात्र मुठीएवढा असतो आणि तो ज्या डोक्यात असतो ते जनावराच्या अंगातले सर्वांत चंचल अंग. तिथे थोडी चूक झाली की जबडा फुटतो आणि ते जनावर उपासमारीने मरते. मेंदूवर नेम धरून नाव कमावलेला माणूस म्हणजे स्कॉटिश हस्तिदंत-शिकारी वॉल्टर डॅलरिंपल मेटलंड बेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत त्याने हजारावर हत्ती मारले. आज ती संख्या वाचवत नाही, पण त्याच्या पद्धतीतून एक गोष्ट सिद्ध झाली. इतर शिकारी अर्ध्या इंचाच्या तोफेसारख्या रायफली खांद्यावर वागवत असताना बेल बरेचसे हत्ती .२७५ रिग्बी या लहानशा रायफलीने मारत असे. त्याने हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून मेंदू नेमका कुठे बसतो आणि कोणत्या बाजूने पाहिल्यास कुठे दिसेल याचा अभ्यास केला होता. त्याची गोळी १७३ ग्रेन वजनाची, टोकापासून धातूच्या कवचात बंद, न फुलणारी होती. हत्तीच्या हाडातून सरळ आत जायला तीच लागते. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा बंदोबस्त केल्याबद्दल जी रायफल भेट मिळाली, तीही .२७५ रिग्बीच. रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये तिच्याच गोळीने संपला. शरीररचना ठाऊक असलेल्या माणसाच्या हातात लहान काडतूस पुरते, हे या दोघांनी दाखवले. दोघेही जवळून मारणारे होते, हे मात्र विसरू नये.

जनावर दर वेळी कुशीवर उभे राहत नाही. ते शिकाऱ्यापासून तिरके, पाठमोरे होत उभे असेल, तर नेम अलीकडच्या खांद्यामागे धरून चालत नाही. गोळी फक्त एका फुप्फुसाला चाटून जाते. अशा वेळी पलीकडच्या पुढच्या पायाकडे पाहावे आणि गोळी तिथून बाहेर पडली पाहिजे असा विचार करून अलीकडे ती कुठून शिरावी ते ठरवावे. ती बरगड्यांच्या बरीच मागून शिरते, पण छातीतून तिरकी जात दोन्ही फुप्फुसे घेते. जनावर समोरून तिरके असेल तर खांद्याचे हाड मध्ये येते. तिथे गोळीची बांधणी कसाला लागते. पूर्ण पाठमोऱ्या जनावरावर गोळी झाडू नये. उंच कड्यावरून खाली मारताना प्रवेशाची जागा थोडी वर घ्यावी लागते, कारण गोळी शरीरातून खाली उतरत जाते. थोडक्यात, नेम कातड्यावरच्या बिंदूवर नसतो, आतल्या मार्गावर असतो. चित्रातल्या हरणावर काढलेला लाल ठिपका ही गोष्ट शिकवू शकत नाही.

गोळीच्या बांधणीचा प्रश्न १८८६ पासून सुरू होतो. त्याआधीच्या काळ्या दारूच्या रायफली अकरा-बारा मिलिमीटर जाडीची, नुसत्या शिशाची गोळी संथ वेगाने फेकत. शिसे मऊ, मांसात शिरताच ते पसरे आणि रुंद जखम होई. १८८६ मध्ये फ्रेंच सैन्याने बिनधुराच्या दारूची लेबेल रायफल स्वीकारली आणि सगळ्या जगाने तिचे अनुकरण केले. गोळी आठ मिलिमीटरपर्यंत बारीक झाली, वेग जवळजवळ दीडपट झाला. एवढ्या वेगात मऊ शिसे नळीतल्या पेचदार आट्यांना धरून राहीना, म्हणून त्यावर कडक धातूचे कवच चढले. कवचाच्या गोळीने नवा प्रश्न आणला: ती मांसातून सुईसारखी आरपार जाऊ लागली. १८९५ च्या चित्राल मोहिमेनंतर ब्रिटिश-हिंदी फौजेत हीच तक्रार होती की .३०३ ची गोळी लागूनही माणूस थांबत नाही. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागाराचे प्रमुख कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचे कवच काढून शिसे उघडे ठेवले. आदळताच ते टोक भूछत्रासारखे फुलू लागले. माणसांवर अशी गोळी वापरणे अमानुष ठरले आणि १८९९ च्या हेग परिषदेने शरीरात सहज फुलणाऱ्या गोळ्या युद्धातून बाद केल्या.

शिकारीत नियम नेमका उलटा आहे, आणि तोही दयेपोटीच. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीण कायद्यानुसार हरणासाठी मऊ टोकाची किंवा पोकळ टोकाचीच गोळी चालते. अमेरिकेतल्या कॉलोराडो राज्यातही मोठ्या जनावरांसाठी फुलणारी गोळी सक्तीची आहे. माणसांच्या युद्धात सैनिकाला जायबंदी करून भागते. शिकारीत जखमी होऊन निसटलेले जनावर हेच सर्वांत मोठे पाप. न फुलणारी गोळी हरणाच्या फुप्फुसातून पेन्सिलएवढे छिद्र पाडून जाते, रक्त हळूहळू वाहते, आणि हरीण कोसभर जाऊन मरते. फुललेली गोळी मूळ व्यासाच्या दीड ते दोन पट होते आणि तिचा मार्ग तेवढाच रुंद होतो.

मात्र फुलणे म्हणजे फुटणे नव्हे, हे कळायला आणखी पन्नास वर्षे गेली. १९४६ मध्ये अमेरिकेचे जॉन नॉस्लर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले होते. मूस हे घोड्याहून उंच हरीण, अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर. नॉस्लर यांची .३०० मॅग्नम रायफल भलतीच वेगवान होती. गोळ्या खांद्यावर आदळून वरवरच फुटत होत्या आणि छातीपर्यंत पोहोचत नव्हत्या. घरी परतल्यावर त्यांनी गोळीच्या मधोमध कवचाच्याच धातूची एक आडभिंत घातली. पुढच्या कप्प्यातले शिसे फुलते, विखुरतेही. मागचा कप्पा भिंतीआड शाबूत राहून आत घुसत राहतो. १९४८ पासून ‘पार्टिशन’ या नावाने विकली जाणारी ही गोळी आजही बनते. पुढे शिशाचा गाभा कवचाला वितळवून चिकटवण्याची पद्धत आली, आणि १९८९ मध्ये बार्न्स कंपनीने शिसे पूर्णपणे वगळून अखंड तांब्याची गोळी आणली. तिच्या पोकळ टोकाच्या आदळल्यावर चार पाकळ्या उमलतात आणि ती जवळजवळ पूर्ण वजनानिशी आरपार निघते.

लांबवरच्या शिकारीची खरी अडचण इथून सुरू होते. गोळी फुलते ती वेगाच्या जोरावर, आणि अंतर वेग खाते. ६.५ क्रीडमूर हे २००७ मध्ये आलेले आणि आज फार लोकप्रिय असलेले काडतूस घ्यावे. त्यातली १४३ ग्रेनची, म्हणजे सव्वानऊ ग्रॅमची, निमुळती लांब गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते. ४५० मीटरवर तिचा वेग ६२० च्या आसपास उरतो, ७३० मीटरवर ५१० च्या आसपास. जुन्या धाटणीच्या मऊ टोकाच्या गोळीला नीट फुलायला सेकंदाला साधारण ५५० मीटर वेग लागतो. तांब्याच्या गोळीला त्याहून जास्त, सुमारे ६०० मीटर. म्हणजे साडेचारशे मीटरच्या थोडे पुढे तांब्याची गोळी, आणि साडेसहाशेच्या सुमारास जुनी मऊ गोळी, जनावरापर्यंत पोहोचते खरी, पण पोहोचेपर्यंत ती पुन्हा १८९५ ची सुई झालेली असते.

यावर उपाय म्हणून पातळ कवचाच्या, कमी वेगातही फुलणाऱ्या गोळ्या निघाल्या. काहींचे उत्पादक सेकंदाला ४०० मीटर वेगापर्यंत फुलण्याची हमी देतात. टोकाला प्लॅस्टिकची अणी बसवतात. ती हवेत धार देते आणि आदळताच मागे दाबली जाऊन कवच उघडते. हॉर्नाडी कंपनीने डॉप्लर रडारने गोळ्यांचा माग घेतला तेव्हा हवेच्या घर्षणाने ही अणीच वितळते असे दिसले. मग २०१५ मध्ये उष्णता सोसणाऱ्या अणीची गोळी बाजारात आली. कारागिरी अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण सातशे मीटरवर फुलावी म्हणून नाजूक केलेली गोळी पन्नास मीटरवर, पूर्ण वेगात, एल्कच्या खांद्यावर आदळली तर नॉस्लर यांच्या १९४६ च्या गोळीसारखीच वरवर फुटण्याचा धोका असतो. आणि रानातले जनावर कुठे उभे राहील हे शिकारी ठरवत नाही. सकाळी दरीपलीकडच्या उतारावर शोधलेला एल्क दुपारी वळणावर तीस पावलांवर समोर येतो. दोन्ही अंतरांना सारखीच चोख वागणारी गोळी अजून कोणी बनवलेली नाही. शिकाऱ्याला बहुतेक वेळा कोणत्या अंतरावर गोळी झाडावी लागते ते प्रामाणिकपणे ओळखून त्या अंतराची गोळी घ्यावी, आणि दुसऱ्या टोकाचा मोह सोडावा.

गोळीची मर्यादा ओलांडली, तरी वर्माची मर्यादा उरतेच. वरच्याच गोळीचा हिशेब पुढे चालवला तर ताशी १६ किलोमीटरचा, म्हणजे झाडाची पाने सळसळवणारा आडवा वारा तिला ४५० मीटरवर सुमारे ३५ सेंटिमीटर आणि ७३० मीटरवर मीटरभर बाजूला नेतो. ताटली २०–२५ सेंटिमीटरची. वाऱ्याचा अंदाज निम्म्याने चुकला तरी साडेचारशे मीटरवर गोळी ताटलीच्या बाहेर पडते. आणि वारा एकच नसतो: शिकाऱ्याच्या गालावरचा वेगळा, दरीच्या मधला वेगळा, पलीकडच्या उतारावरचा वेगळा. अंतर चुकण्याचा प्रश्न लेसर अंतरमापकाने बहुतांशी सोडवला. त्याआधी ७३० मीटरवर वीस मीटरची चूक गोळीला सुमारे वीस सेंटिमीटर वर किंवा खाली नेत असे. वाऱ्याला तसे यंत्र अजून मिळालेले नाही.

रायफलीची स्वतःची पांगही असते. चांगली रायफल बाकावर टेकवून झाडली असता शंभर मीटरवर सगळ्या गोळ्या सुमारे तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात टाकते. ७३० मीटरवर ते वर्तुळ सुमारे बावीस सेंटिमीटरचे होते. रानात दगडावर पिशवी टाकून, चढण चढल्याने धापा टाकत असताना ते सहज दुप्पट होते, म्हणजे वर्मापेक्षा मोठे.

तरीही सर्वांत मोठी अडचण वारा किंवा पांग ही नव्हे. ती वेळ आहे. ही गोळी ४५० मीटर जायला सुमारे दोन-तृतीयांश सेकंद घेते, ७३० मीटर जायला एका सेकंदाहून जास्त. चाप ओढताना निश्चल उभे असलेले हरीण त्या सेकंदात चरत चरत एक पाऊल पुढे टाकू शकते. हरणाची संथ चाल सेकंदाला मीटरहून थोडी जास्त असते. नेम खांद्यामागे अचूक असतो, वारा अचूक वाचलेला असतो, गोळीही अचूक जाते, आणि तरी ती पोटात लागते. या चुकीवर कोणतीही दुर्बीण, कोणतेही गणकयंत्र उपाय करू शकत नाही, कारण गोळी सुटल्यावर निर्णय जनावराचा असतो. लांबवरच्या शिकारीविरुद्धचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे.

गोळी लागल्यावरचे काम जर्मन शिकाऱ्यांनी जवळजवळ स्वतंत्र विद्याच करून ठेवले आहे. जनावर उभे होते ती जागा आधी खुणेने बांधायची, मग जमीन वाचायची. फिकट गुलाबी, फेसाळ, बुडबुडे असलेले रक्त म्हणजे फुप्फुसे; जनावर जवळच मिळेल. गडद, काळपट तांबडे रक्त म्हणजे यकृत. पाणचट रक्तात हिरवट चोथा आणि आंबूस वास म्हणजे पोट. गोळी बसताना जनावराने उसळी घेतली असेल तर छाती. पाठीची कमान करून ते हळूहळू चालत गेले असेल तर पोट. पोटात लागल्याची खूण दिसताच लगेच मागे धावणे ही घोडचूक असते. जनावर साधारण जवळच बसते. पाठलाग झाला की उठून मैलभर जाते. काही तास थांबावे लागते. सांजेची गोळी असेल तर बहुधा सकाळपर्यंत. मग हॅनोवर किंवा बव्हेरियन जातीचा माग काढणारा कुत्रा लांब दोरीला बांधून आणतात. साडेचारशे मीटरवरून झाडणाऱ्याला यातले पहिलेच पाऊल जड जाते: दरी उतरून पलीकडे चढेपर्यंत तासभर जातो, आणि पलीकडून सगळी झुडपे सारखी दिसतात. जनावर नेमके कुठे उभे होते तेच सापडत नाही.

गोळीच्या निवडीचा आणखी एक हिशेब जनावर मेल्यानंतर सुरू होतो. शिशाची वेगवान गोळी शरीरात शेकडो कणांत विखुरते. अमेरिकेत हरणांच्या टाकून दिलेल्या आतड्यांच्या ढिगांचे क्ष-किरण चित्र काढणारा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. २० पैकी १८ ढिगांत शिशाचे कण होते. ते ढीग खातात ती गिधाडे. कॅलिफोर्नियाचे कॉन्डोर हे तीन मीटर पंखविस्ताराचे गिधाड १९८२ मध्ये अवघे २२ उरले होते. १९८७ मध्ये रानातले शेवटचे पक्षी पकडून पिंजऱ्यात प्रजनन सुरू केले गेले. पुन्हा सोडलेल्या पक्ष्यांच्या मृत्यूचे मुख्य कारण शिशाची विषबाधा ठरले. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आणली. भारतातली गिधाडे जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे संपत आली आणि २००६ मध्ये ते औषध गुरांसाठी बंद करावे लागले. विष वेगळे, पण मेलेल्या जनावरातून गिधाडापर्यंतची वाट तीच. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, तिला नळीत जास्त पीळ लागतो आणि फुलायला जास्त वेग. म्हणजे जी गोळी गिधाडांना वाचवते तीच शिकाऱ्याला जवळ जायला भाग पाडते. यात तोटा कोणाचाच नाही.

भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकार बंद झाली. उरले ते माणसाच्या जिवावर उठलेले किंवा पिकाची नासाडी करणारे जनावर, आणि तेही अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि नीलगाय यांच्याबाबत असे परवाने दिले जातात. परवान्याच्या कागदावर जनावराचे नाव असते, हद्द असते, मुदत असते. गोळी कोणती आणि किती अंतरावरून, याचाही त्यात उल्लेख व्हायला हवा. जाड कातड्याच्या रानडुकरावर छर्ऱ्याचे काडतूस झाडणे म्हणजे जखमी, चिडलेले डुक्कर शेतकऱ्याच्या बांधावर सोडणे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, तिथे बनणारे .३१५ बोअरचे मऊ टोकाचे काडतूस संथ आणि जड असते. शे-सव्वाशे मीटरच्या आत डुकराच्या छातीवर ते आपले काम चोख करते. त्याहून लांबच्या कामाचे ते नव्हे.

किती लांब म्हणजे फार लांब, याचा आकडा कोणीच देत नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट या शिकाऱ्यांच्या क्लबनेही दिलेला नाही. रायफल आणि स्वतःचा नेम कुठवर पोहोचतो हे पाहण्यासाठी जिवंत जनावरावर गोळी झाडणे ही शिकार नव्हे, एवढे मात्र त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. युरोपात नॉर्वेने प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला आहे. तिथे मूस, रेनडिअर किंवा तांबड्या हरणाच्या शिकारीला जाण्याआधी दरवर्षी परीक्षा द्यावी लागते. रेनडिअरच्या आकृतीवर छातीच्या जागी ३० सेंटिमीटरचे वर्तुळ असते. गोळ्या पाच, आणि पाचही वर्तुळात लागाव्या लागतात. अंतर १०० मीटर.